अडेबायो अकिनफेन्वा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अकिनफेन्वा नेमका कोण?

इंग्लंडमधला फुटबॉलपटू, सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढं खेळणारा. जन्म १० मे १९८२, लंडनच्या इस्लिंग्टन भागात, नायजेरियन आईवडिलांच्या घरी. २००१ ते २०२२ एवढा काळ खेळला. सामने ७०० च्या आसपास, गोल २०० च्या वर. प्रीमियर लीगमध्ये एकही मॅच नाही, तरी इंग्लंडमध्ये कुठल्याही गावात त्याला लोक नावानं ओळखतात. नावानं म्हणजे 'बीस्ट' या नावानं.

मी त्याला फक्त फिफा गेममध्ये बघितलंय. तो खरा खेळाडू आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझीही ओळख तिथलीच. भाच्याच्या प्लेस्टेशनवर बार्सिलोना घेऊन बसलो होतो आणि तो पठ्ठ्या कुठलीतरी निळी जर्सी घालून माझ्या डिफेन्डरांना खांद्यानं बाजूला सारत होता. 'मामा, हा सगळ्यात स्ट्राँग प्लेयर आहे गेममधला,' हे त्याचं स्पष्टीकरण.

ते खरंच होतं. त्या गेममध्ये वर्षानुवर्षं ताकदीचा आकडा सगळ्यात मोठा असलेल्यांत अकिनफेन्वाचं नाव असायचं, मेस्सी-रोनाल्डोच्या कितीतरी वर. बाकीचे आकडे, विशेषतः वेगाचा, बघण्यासारखे नव्हते. वजन १०० किलोच्या पुढं. बेंच प्रेसवर १८० किलो उचलतो, असं तो स्वतः सांगायचा. २०१४ मध्ये गेमच्या नव्या आवृत्तीच्या लंडनमधल्या कार्यक्रमाला रिओ फर्डिनांडसारख्या मोठ्या नावांबरोबर चौथ्या पायरीच्या लीगमधला हा गडी उभा होता. त्या दिवसापासून तो जगभर पोचला.

चौथी पायरी म्हणजे? इंग्लंडमध्ये किती लीग आहेत?

वर प्रीमियर लीग, २० क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ क्लब. म्हणजे खालचे ७२, आणि या तीन लीगना मिळून म्हणतात 'फुटबॉल लीग'. नावं फसवी आहेत: 'लीग वन' म्हणजे तिसरी पायरी आणि 'लीग टू' म्हणजे चौथी. त्याच्याही खाली नॅशनल लीग, आणि मग गावागावांपर्यंत उतरत जाणारी मोठी उतरंड.

दर वर्षी वरचे खाली येतात, खालचे वर जातात. लीग टूमधले पहिले तीन थेट वर जातात. चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे क्लब एका जागेसाठी प्ले-ऑफ खेळतात आणि त्याची फायनल वेम्बलीवर होते. हे प्ले-ऑफ लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

१०० किलोचा माणूस फुटबॉल खेळायचा कसा? दम लागायचा नाही?

लागायचा. पुढच्या काळात तो कितीतरी सामन्यांत शेवटच्या अर्ध्या तासासाठी उतरायचा. पण 'जाड्या कसा खेळतो' या कुतूहलानं बघायला बसलात तर त्याचा खेळ दिसणारच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोलकीपरनं चेंडू लांब मारला की बहुतेक फॉरवर्ड चेंडूकडे बघत धावतात. अकिनफेन्वा आधी जागेकडे बघायचा. चेंडू हवेत असतानाच तो पडणार कुठं ते हेरून तिथं जाऊन उभा राहायचा, गोलकडे पाठ करून. गुडघे किंचित वाकवलेले, कोपर बाहेर, कंबर मागच्या डिफेन्डरच्या पोटात. आता त्या डिफेन्डरनं करायचं काय? वरून उडी मारली तर फाउल. बाजूनं पाय घालायला गेला तर हा त्याच बाजूला अंग टाकणार. मागंच उभा राहिला तर चेंडू आरामात याच्या छातीवर. आणि छातीवर आलेला चेंडू तो धरून ठेवत नसे. एका टप्प्यात, कधी कधी टप्पाही न पडू देता, धावत येणाऱ्या मिडफिल्डरच्या पायात द्यायचा. उडी कमी, धाव कमी, पण जागा बरोबर.

कोल्हापूरच्या वाचकांना हे समजवायला नको. आपल्याकडे फुटबॉल संघच तालमींच्या नावानं आहेत, पाटाकडील, दिलबहार. मल्ल आणि फॉरवर्ड एकाच छपराखाली बघायची आपल्याला सवय आहे. पाय रोवून समोरच्याचा तोल त्याच्याच जोरावर घालवायचा, ही अक्कल कुस्तीच्या हौद्यातली. शाहू स्टेडियमवर माझ्या शेजारी बसणाऱ्या एका जुन्या जाणत्यांना मी मोबाईलवर अकिनफेन्वाची क्लिप दाखवली. त्यांनी पायांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, 'ताकद ऱ्हाऊ दे, त्याचा पाय बघ कसा पडतोय.' त्याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

सुरुवात थेट लिथुआनियात कशी काय झाली?

वॉटफर्ड क्लबच्या युवा संघातून पुढं काही जमलं नाही आणि १८-१९ वर्षांचा हा लंडनचा पोरगा बाल्टिक समुद्रावरच्या क्लाइपेडा या बंदराच्या शहरात अटलांटास क्लबकडून खेळायला गेला. तिथं त्याला वाट्याला आला तो उघडा वर्णद्वेष, मैदानावरून ओरडून केलेला, तोही आपल्याच क्लबच्या प्रेक्षकांकडून. परत यायचं त्याच्या मनात होतं. घरी फोन झाला, थोरल्या भावाशी बोलणं झालं आणि तो थांबला. २००१ मध्ये अटलांटासनं लिथुआनियाचा कप जिंकला, फायनलमधला विजयी गोल याचा.

पुढं आयुष्यभर इंग्लंडच्या मैदानांवर त्याच्या अंगावरून गाणी म्हटली गेली, टोमणे मारले गेले, आणि तो हसत राहिला. ते हसू कुठं तयार झालं हे समजायला क्लाइपेडाची दोन वर्षं माहीत असलेली बरी.

त्यानं इतके क्लब का बदलले? पैशासाठी?

नाही हो. उलट आहे.

वरच्या लीगमधला खेळाडू क्लब बदलतो तेव्हा बातमी होते, कोटींचे आकडे येतात. खालच्या लीगमध्ये बहुतेक करार एक-दोन वर्षांचे. ३० जूनला करार संपतो. मे महिन्यात क्लब दोन याद्या जाहीर करतो: ठेवलेले आणि सोडलेले. सोडलेल्यांत नाव असलं की जुलैपासून पगार बंद. घरभाडं, मुलांची शाळा, सगळं तसंच. मग फोन फिरवायचे, कुठं ट्रायल मिळते का बघायचं.

अकिनफेन्वाचं २००३ बघा. वेल्समधल्या बॅरी टाउनकडून खेळताना तिथली लीग आणि कप दोन्ही जिंकले. त्याच उन्हाळ्यात क्लबच आर्थिक गाळात गेला आणि खेळाडू रस्त्यावर आले. पुढच्या एका हंगामात त्यानं चार क्लब केले: बॉस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रश्डन अँड डायमंड्स, डॉन्कास्टर. ऑगस्ट ते मे, चार जर्सी. मग टॉर्की. तिथं २००४-०५ मध्ये लीगमध्ये १४ गोल केले, तरी क्लब खाली उतरला. पण त्या गोलांच्या जोरावर स्वॉन्झीनं त्याला उचललं.

स्वॉन्झीचा काळ कसा होता?

पहिलं वर्ष झकास. स्वॉन्झी सिटी जुनं व्हेच फील्ड सोडून नव्या लिबर्टी स्टेडियमवर आली होती. ऑगस्ट २००५ मध्ये तिथली लीगची पहिली मॅच ट्रॅनमेअरविरुद्ध, निकाल १-० आणि गोल अकिनफेन्वाचा. म्हणजे पुढं जिथं प्रीमियर लीगचे सामने झाले त्या मैदानाची लीगमधली बोहनी याच्या पायानं झाली. एप्रिल २००६ मध्ये कार्डिफला फुटबॉल लीग ट्रॉफीच्या फायनलमध्ये कार्लाइलविरुद्ध २-१, विजयी गोल पुन्हा त्याचा.

आणि मग मे महिन्यात त्याच कार्डिफच्या मैदानावर बार्न्सलीविरुद्ध लीग वनची प्ले-ऑफ फायनल. २-२ नंतर पेनल्टी. यानं मारलेली बारवरून गेली. स्वॉन्झी हरली. दोन महिन्यांत एकाच मैदानावर हार आणि प्रहार, दोन्ही.

२००७ मध्ये पाय मोडला. स्वॉन्झीशी करार संपला. मिलवॉलकडे थोडे सामने, गोल शून्य. त्या हिवाळ्यात कुणी म्हटलं असतं की हा अजून १५ वर्षं खेळणार, तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

नॉर्थॅम्प्टन आणि जिलिंगम?

दोन्हीकडे दोन-दोन वेळा. जानेवारी २००८ मध्ये नॉर्थॅम्प्टननं हात दिला, २०१० मध्ये जिलिंगम, २०११ मध्ये परत नॉर्थॅम्प्टन, २०१३ मध्ये परत जिलिंगम. सोडून गेलेल्या खेळाडूला क्लबनं पुन्हा बोलावणं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवत घेणं, हे सहसा होत नाही. २०१३ मध्ये नॉर्थॅम्प्टनबरोबर लीग टूची प्ले-ऑफ फायनल गाठली, वेम्बलीवर, आणि ब्रॅडफर्डनं ३-० नं धुतलं.

(ता.क.: जिलिंगम हे केन्टमधलं, उच्चार 'ज' नं. दरवेळी कुणीतरी 'गिलिंगहॅम' लिहून पाठवतं.)

लिव्हरपूलविरुद्धच्या गोलचं एवढं कौतुक का?

कारण तो लहानपणापासून लिव्हरपूलचा भक्त. लिव्हरपूलचा जुना खेळाडू जॉन बार्न्स हा त्याचा देव.

२०१४ मध्ये तो एएफसी विम्बल्डनला आला. या क्लबची गोष्ट वेगळी आहे. मूळ विम्बल्डन क्लब १०० किलोमीटरच्या आत-बाहेर असलेल्या मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी नवा क्लबच काढला. खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमन या माळावर चाचण्या घेतल्या. नवव्या पायरीपासून सुरुवात करून नऊ वर्षांत, २०११ मध्ये, ते फुटबॉल लीगमध्ये पोचले. जुन्या विम्बल्डनचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे १९८८ ची एफए कप (लहान-मोठ्या सगळ्या पायऱ्यांच्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) फायनल: १-० नं हरवलं ते लिव्हरपूलला, आणि त्या लिव्हरपूलमध्ये होता जॉन बार्न्स.

आता ५ जानेवारी २०१५. एफए कपची तिसरी फेरी, विम्बल्डनच्या छोट्याशा किंग्जमेडो मैदानावर लिव्हरपूल. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजत आलेला. तीनच दिवसांपूर्वी स्टीव्हन जेरार्डनं आपण लिव्हरपूल सोडणार असल्याचं जाहीर केलेलं. जेरार्डनं पहिला गोल केला. ३६ व्या मिनिटाला कॉर्नर आला, गोलसमोर गोंधळ उडाला आणि अगदी हाताच्या अंतरावरून अकिनफेन्वानं चेंडू आत ढकलला. १-१. दुसऱ्या हाफमध्ये जेरार्डनं फ्री किकवर २-१ केलं आणि विषय संपला. मॅचनंतर जेरार्डची जर्सी अकिनफेन्वाच्या हातात.

गोल काही देखणा नव्हता. देखणा होता त्यानंतरचा चेहरा: आयुष्यभर ज्या संघासाठी घसा फोडला त्याच्याच जाळ्यात चेंडू मारल्यावर माणसाचं जे होतं ते.

'मला व्हॉट्सॲप करा' हा किस्सा काय आहे?

३० मे २०१६, वेम्बली. लीग टूची प्ले-ऑफ फायनल, विम्बल्डन विरुद्ध प्लिमथ. लाइल टेलरनं विम्बल्डनला पुढं नेलं होतं. इंज्युरी टाइम लांबत चाललेला आणि अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. ती घ्यायची होती दुसऱ्या एका सहकाऱ्याला. मैदानावर दोघांची बाचाबाची झाली. बदली म्हणून उतरलेल्या अकिनफेन्वानं चेंडू बगलेत धरला तो सोडलाच नाही. त्याला माहीत होतं की ही या जर्सीतली शेवटची मॅच आहे. मारली, गोल, २-०.

(त्या निकालामुळं एक गंमत झाली. त्याच वर्षी मिल्टन कीन्सवाले चॅम्पियनशिपमधून खाली आले होते. म्हणजे ज्यांचा क्लब पळवला गेला ते आणि पळवलेला क्लब, पहिल्यांदाच एका लीगमध्ये.)

मॅच संपली, गळ्यात मेडल, समोर टीव्हीचा कॅमेरा. आणि हा म्हणाला, तांत्रिकदृष्ट्या मी आता बेकार आहे, कुणा मॅनेजरला हवा असेन तर व्हॉट्सॲपवर मेसेज करा, काम द्या.

सगळे हसले. क्लिप जगभर फिरली. पण वर सांगितलेल्या मे महिन्यातल्या याद्या आठवा. वय ३४, मेडल गळ्यात, क्लब वरच्या लीगमध्ये गेलेला आणि स्वतःच्या हाताला काम नाही. त्या वाक्यात विनोद होता तेवढंच सत्यही होतं. माझ्या मते खालच्या लीगच्या फुटबॉलवर याहून खरं वाक्य टीव्हीवर कुणी बोललेलं नाही. आणि ते बोलायला जो निलाजरेपणा लागतो, चांगल्या अर्थानं म्हणतोय मी, तो त्याच्याकडे भरपूर होता.

मग मेसेज कुणी केला?

गॅरेथ एन्सवर्थ यांनी. विकम वॉन्डरर्सचे तेव्हाचे मॅनेजर, लांब केस, लेदर जॅकेट, रिकाम्या वेळात रॉक बँडमध्ये गाणारे. (उच्चार 'विकम'. 'वायकोम्ब' नव्हे.) हाय विकम हे एके काळी खुर्च्या बनवणारं गाव, म्हणून संघाचं टोपणनाव 'चेअरबॉइज'. २०१४ मध्ये हा क्लब हंगामाच्या शेवटच्या दिवशी, केवळ गोलफरकावर, फुटबॉल लीगच्या बाहेर पडता पडता वाचला होता. श्रीमंत वगैरे शब्द त्यांच्याबाबत कुणी वापरत नसे.

तिथं तो सहा वर्षं राहिला. दर उन्हाळ्यात ट्रंक आवरणाऱ्या माणसाला ३४ व्या वर्षी घर सापडलं.

विकममध्ये त्यानं काय केलं?

२०१७-१८ मध्ये लीगमध्ये १७ गोल, वयाच्या ३५ व्या वर्षी, आणि क्लब लीग वनमध्ये. २०१९ च्या उन्हाळ्यात क्लबकडे कराराचे खेळाडू इतके कमी होते की संघ पुरा होईना. तोच क्लब त्या हंगामात वरच्या क्रमांकांवर राहिला. मग कोविड आला, लीग अर्धवट थांबली, प्रत्येक मॅचमागे मिळालेल्या सरासरी गुणांवर तक्ता लावला गेला आणि आठव्या जागेवर असलेलं विकम तिसऱ्या जागेवर गेलं. नशीब म्हणा. बाकीचे क्लब तेच म्हणत होते, जरा मोठ्या आवाजात.

प्ले-ऑफमध्ये फ्लीटवुडला हरवलं आणि १३ जुलै २०२० ला वेम्बलीवर ऑक्सफर्डविरुद्ध फायनल. स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नाही. ७९ व्या मिनिटाला जो जेकबसनची पेनल्टी, २-१. विकम इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या पायरीवर.

मॅचनंतर पुन्हा कॅमेरा, पुन्हा व्हॉट्सॲप. या वेळी तो म्हणाला, आता मला फक्त क्लॉपनंच (लिव्हरपूलचे तेव्हाचे मॅनेजर) मेसेज करावा, म्हणजे मिळून साजरं करता येईल. लिव्हरपूलनं ३० वर्षांनी लीग जिंकल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. आणि युर्गेन क्लॉपनी खरंच अभिनंदनाचा व्हिडिओ पाठवला. ड्रेसिंग रूममध्ये मोबाईल धरून उड्या मारणारा तो ३८ वर्षांचा बाप्या बघितला की वाटतं, हा आत्ता शाळेतून सुटलाय.

चॅम्पियनशिपमध्ये जमलं का?

एकच हंगाम. ४३ गुण, डर्बी काउंटीचे ४४. एका गुणानं परत लीग वनमध्ये.

तो खेळाडूपेक्षा ब्रँडच जास्त होता, असं लोक म्हणतात. खरं?

'तू फुटबॉलसाठी फार मोठा आहेस' हे त्यानं किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. त्यावरच त्यानं 'बीस्ट मोड ऑन' नावानं कपड्यांचा धंदा उभा केला. सोशल मीडिया, जाहिराती, सगळं केलं. काही जणांना ते खटकतं.

मला नाही खटकत. ज्या धंद्यात दर मे महिन्यात तुमचं नाव यादीवर आहे की नाही हे दुसरा कुणी ठरवतो, तिथं माणसानं आपल्या नावाचं काहीतरी स्वतःच्या हातात ठेवलं तर बिघडलं कुठं? मात्र एक तोटा झाला, तो मान्य करतो. बीस्ट इतका मोठा झाला की फॉरवर्ड झाकला गेला. त्याला बघायला आलेल्या प्रेक्षकांना त्यानं कुणाला तरी उचलून आपटावं असं वाटायचं. तो बिचारा छातीवर चेंडू घेऊन अलगद बाजूला द्यायचा.

शेवटची मॅच कोणती?

२१ मे २०२२, लीग वनची प्ले-ऑफ फायनल, संडरलंडविरुद्ध. अर्थातच वेम्बली, अर्थातच प्ले-ऑफ. ०-२. अकरा दिवसांपूर्वी चाळिशी पूर्ण झाली होती.

त्याला नव्यानं बघायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

गोलांचे संकलित व्हिडिओ नका बघू. विकमची २०१७-१८ ची एखादी पूर्ण मॅच मिळाली तर घ्या आणि दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त २० नंबरच्या जर्सीकडे बघा. चेंडू आपल्या गोलकीपरच्या हातात आहे, अजून उडालेलाही नाही, आणि हा हळूहळू चालत, मागं वळून एकदा डिफेन्डरकडे बघत, आपल्या जागेवर जाऊन उभा राहिलाय.